मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील स्वयंसेवा आणि प्रोग्रामरची कारकीर्द : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व वितरित करता येतो, त्यास मुक्तस्रोत अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा सॉफ्टवेअरसाठी अनेक प्रोग्रामर विनामोबदला काम करतात. या स्वयंसेवेचा त्यांच्या कारकिर्दीवर कोणता परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आर्थिक मीमांसा :
कंपनीत लिहिलेला कोड सहसा बाहेर दिसत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पात मात्र कोणी काय लिहिले, याची नावानिशी नोंद राहते. ही नोंद भावी नियोक्त्यासाठी कौशल्याचा पुरावा ठरते, असे विवेचन अर्थतज्ज्ञ जोश लर्नर व ज्याँ तिरोल यांनी २००२ मध्ये केले. तथापि, अपाची प्रकल्पांवरील हान, रॉबर्ट्स व स्लॉटर यांच्या २०१३ च्या अभ्यासात केवळ योगदानांच्या संख्येमुळे वेतन वाढल्याचे आढळले नाही. सहकाऱ्यांनी गुणवत्तेवर दिलेल्या वरच्या दर्जाचा मात्र वेतनाशी संबंध आढळला.

कॅलिबरचे उदाहरण :
मूळचे मुंबईचे कोविद गोयल हे अमेरिकेत भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते. सोनीचे ई-पुस्तक वाचनयंत्र लिनक्सवर चालत नसल्याने त्यांनी २००६ मध्ये स्वतःच सॉफ्टवेअर लिहिण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘कॅलिबर’ साकारले आणि पुढे तेच त्यांचे पूर्णवेळ कार्य झाले.

मर्यादा :
प्रत्येकाच्या वाट्याला असे फळ येत नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीस आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर अवलंबून होती, त्या ओपनएसएसएलसाठी पूर्णवेळ काम करणारा एकच प्रोग्रामर होता.

वाशीम जिल्ह्याचा संदर्भ :
१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झाला. मुक्तस्रोत काम रिसोड वा मानोऱ्यातूनही करता येते. परंतु त्यासाठी रिकामा वेळ लागतो. शेतीत हातभार लावणाऱ्या वा कमावून शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे तोच नसतो. त्यामुळे संधी सर्वांना खुली असली तरी समान नसते.

निष्कर्ष :
स्वयंसेवा कारकिर्दीस उपकारक ठरते ती संख्येने नव्हे, तर सातत्याने व स्वीकारलेल्या जबाबदारीने. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारच्या अभ्यासक्रमातील फील्ड प्रोजेक्टमध्ये अशा कामास श्रेयांक देणे, तसेच २००५ पासूनच्या ‘गूगल समर ऑफ कोड’सारख्या मानधन देणाऱ्या उपक्रमांची माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे महाविद्यालयांना शक्य आहे. विद्यार्थ्याला वेळ मिळाला, तरच ही संधी त्याच्या उपयोगाची ठरेल.