सामायिक दप्तराची व्यवस्था

वार्षिक अंकातील एखादा लेख छापखान्यात जाईपर्यंत किती हातांखालून जातो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? विद्यार्थी तो लिहितो, भाषाशिक्षक तो शुद्ध करतात, संपादक काटछाट करतात आणि मुख्याध्यापक अखेरची संमती देतात. प्रत्येकाने आपली प्रत ई-मेलने पुढे धाडली, तर चार संगणकांवर चार निरनिराळ्या प्रती साठतात. त्यांतील खरी कोणती, हे कोणासच सांगता येत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी जी योजना निघाली, ती म्हणजे सामायिक कामाचा सर्व्हर. कागद एकाच ठिकाणी ठेवावयाचा आणि सर्वांनी तेथेच येऊन काम करावयाचे, हे तिचे मूळ सूत्र होय. मायक्रोसॉफ्टचा शेअरपॉइंट २००१ मध्ये आला. २०१६ मध्ये आरंभ झालेला नेक्स्टक्लाउड तर मुक्त प्रणालीचा असून कोणतीही संस्था तो स्वतःच्या संगणकावर बसवू शकते. असा सर्व्हर बसविणे हे दोन-चार दिवसांचे काम. तो नीट चालविणे हे वर्षानुवर्षांचे.

व्यवस्थापकाने पहिला निर्णय घ्यावयाचा तो अधिकारांचा. कोणी केवळ वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे, हे आधी ठरले पाहिजे. आणि हे अधिकार व्यक्तीस न देता पदास द्यावेत. आपल्या गोव्यातील देवस्थानांकडे पाहा. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये महाजनीचे नियम लेखी केले. आजही महाजन आपल्यांतून अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार आणि सचिव निवडतात. मुदत संपली की माणसे बदलतात, परंतु पदे व त्यांची कामे तीच राहतात. सर्व्हरवरही ‘संपादक’ नावाचा गट करून लिहिण्याचा अधिकार त्या गटास द्यावा. नवा संपादक आला की त्यास गटात घ्यावे, शाळा सोडून गेला की वगळावे. कामास लागेल त्याहून अधिक अधिकार कोणासही नसावा.

दुसरी गोष्ट आवृत्तींची. प्रत्येक फेरफारापूर्वीचा मजकूर सर्व्हर जपून ठेवतो व कोणी, केव्हा बदल केला, याची नोंद करतो. त्यामुळे चुकून पुसला गेलेला परिच्छेद परत मिळतो. मात्र जुन्या आवृत्ती किती ठेवावयाच्या, हे व्यवस्थापकाने ठरवून दिले पाहिजे. अन्यथा जागा पुरत नाही.

तिसरी गोष्ट राखीव प्रतीची. ऑगस्ट २०१९ मध्ये शापोरा नदीला पूर आला, तेव्हा डिचोलीतील साळ, पेडण्यातील इब्रामपूर अशा काठच्या गावांत पाणी शिरले व लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळी सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच खोलीत असतील, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दूरच्या गावी, असा नियम जाणकार सांगतात. त्या प्रतीवरून कागद खरोखर परत उभे राहतात की नाही, हेही मधूनमधून पडताळून पाहावे.

आता स्वानुभव सांगतो. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथील सर्व्हरचा मुख्य सांकेतिक शब्द एकाच शिक्षकांस ठाऊक होता. ते शाळा सोडून गेले. जूनमध्ये शाळा सोडल्याचे दाखले घेण्यास मुले दाराशी उभी राहिली आणि सर्व नोंदी असूनही आम्हांस त्या उघडता येईनात. अखेर जुनी रजिस्टरे चाळून एकेक दाखला हाताने लिहावा लागला. त्यात चार दिवस गेले. ते शिक्षक कामसू होते, प्रामाणिकही होते. चूक झाली ती व्यवस्थेची. तेव्हापासून दोन व्यवस्थापक नेमावेत आणि मुख्य सांकेतिक शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, असा आग्रह मी धरीत आलो आहे.

व्यवस्थापकास सर्वांचे कागद उघडता येतात. म्हणून त्याच्या कामाची नोंद दुसऱ्या कोणी तपासावी. यात अविश्वास नाही. खजिनदार सचोटीचा असला तरी महाजन हिशेब पाहतातच. तुमच्यांपैकी काहीजण उद्या पंचायतीत, बँकेत वा रुग्णालयात असे दप्तर सांभाळतील. आपण नसतानाही ते दप्तर सुरळीत चालले, तर आपले काम चांगले झाले असे त्यांनी समजावे.