फ्री डिशवर दिसणारी मॅच केबलवर का दिसत नाही?

भारताची वनडे डीडी फ्री डिशवर मोफत दिसते, पण केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर नाही. असं का?

एकेकाळी खेळाचं प्रक्षेपण म्हणजे फक्त दूरदर्शन. १९९३च्या हिरो कपचे हक्क परदेशी कंपनीला विकले गेले आणि वाद कोर्टात पोहोचला. १९९५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं : एअरवेव्हज ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नाही. पुढे महागडे हक्क खासगी चॅनेल्सकडे गेले.

२००७च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं फीड प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या कमाईत हक्कधारकाला ७५, प्रसार भारतीला २५ टक्के. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने हे फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या टेरेस्ट्रियल आणि डीटीएच सेवेपुरतंच ठेवलं.

त्यामुळे केबलवाल्याशी भांडू नका. मॅच फुकट हवी, तर छतावर फ्री डिशची छत्री हवी.