झेंडूचा पिवळा, डोळ्यातला पिवळा

दसऱ्याला वसई-विरारमध्ये झेंडूच्या तोरणाशिवाय दार सापडणं कठीण. त्या पाकळ्यांना पिवळा रंग देणारं ल्युटीन आपल्या डोळ्यातही असतं. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ल्युटीनच्या बहुतेक गोळ्या झेंडूपासूनच बनतात. पाकळ्या वाळवून त्यांचा अर्क काढतात आणि त्यातलं ल्युटीन शुद्ध करतात.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी काही मिलिमीटरची एक पिवळसर जागा असते, पीतबिंदू. वाचणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं या सगळ्याची भिस्त तिच्यावर. तिथं साठलेलं ल्युटीन आणि त्याचं भावंड झिॲक्सँथिन निळा प्रकाश शोषून घेतात आणि पेशींची हानी करणाऱ्या घटकांना आवर घालतात. आपलं शरीर ही द्रव्यं बनवू शकत नाही. ती पोटातूनच यावी लागतात.

मग गोळी सर्वांनीच घ्यावी का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. अमेरिकेत चार हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘एरेड्स-२’ चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तिच्यात रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन दिलं होतं. पीतबिंदूच्या झिजेवर आधीपासून दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या जुन्या मिश्रणात त्यांची नुसती भर घालून एकूण गटात ठळक जादा फायदा दिसला नाही. पण जुन्या मिश्रणातल्या बीटा-कॅरोटिनमुळे धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्याची जागा ल्युटीन-झिॲक्सँथिनने घेतली. क आणि ई जीवनसत्त्वं, जस्त आणि तांबं यांच्यासह हे मिश्रण दिलं जातं ते वयामुळे पीतबिंदूची मध्यम झीज झालेल्यांना, झीज पुढच्या टप्प्यात जाण्याचा वेग कमी व्हावा म्हणून. गेलेली दृष्टी त्यानं परत येत नाही, मोतीबिंदूही विरघळत नाही.

निरोगी डोळ्यांसाठी वसईच्या वाड्यांतली हिरवी भाजी पुरेशी आहे. पालक, मेथी, माठ यांच्या हिरवेपणाखाली हाच पिवळा रंग दडलेला असतो. ल्युटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे तेलाची फोडणी दिलेल्या भाजीतून ते अंगी अधिक लागतं. अंड्याच्या बलकातलं ल्युटीनही शरीर चांगलं शोषतं.

पन्नाशी उलटलेल्यांनी एक डोळा झाकून दाराची चौकट किंवा खिडकीचे गज अधूनमधून पाहावेत, मग दुसरा. सरळ रेषा वाकडी दिसली किंवा मध्येच काळा डाग आला, तर औषधाच्या दुकानात न जाता लगेच नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या.