ओझे ओळखणारी गाडी

सातारा जिल्ह्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसांची आणि वाहनांची तेथे रीघ लागते. समजा, सालपे घाटापलीकडच्या एका गावचा शेतकरी सकाळी एकटाच मोटारसायकलीवरून लोणंदला आला. पहाटेच्या एस. टी.ने पुढे आलेली त्याची पत्नी संध्याकाळी परतताना त्याच्या मागे बसली आहे आणि दोन्ही बाजूंना बियाण्याच्या व किराण्याच्या जड पिशव्या बांधलेल्या आहेत. गाडी तीच, रस्ता तोच, स्वारही तोच; परंतु सकाळची चाल आणि संध्याकाळची चाल यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

हे अंतर का पडते? मोटारसायकलीचे मागचे चाक आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगा असतात. चाक खड्ड्यात गेले, दगडावर चढले, की स्प्रिंग दबते आणि धक्का स्वतः सोसते; स्वारापर्यंत त्याचा थोडासाच अंश पोहोचतो. पण स्प्रिंगेचा एक ठरलेला स्वभाव आहे. एक भार ठेवला असता ती दोन सेंटिमीटर दबत असेल, तर त्याच्या तिप्पट भाराने ती सहा सेंटिमीटर दबते. दबण्यासाठी असलेली बरीचशी जागा अशी ओझ्यानेच खाऊन टाकली, की खड्ड्यासाठी फारच थोडी उरते. मग लहानशा खड्ड्यातही स्प्रिंग पार तळाला टेकते आणि पाठीच्या कण्याला हिसका बसतो.

याहून मोठा धोका पुढेच आहे. मागची बाजू खचली, की पुढची बाजू वर उचलली जाते. पुढच्या चाकावरील भार हलका होऊन गाडी वळविताना हाताला पूर्वीचा भरवसा वाटत नाही. दिव्याचा झोतही वर जातो. अंधाऱ्या घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात आणि स्वतःच्या पुढचा खड्डा मात्र अंधारातच राहतो.

स्प्रिंग अधिक ताठ केली तर? तर ओझ्याच्या वेळी ती उपयोगी पडेल. परंतु एकट्या स्वाराला ती दगडासारखी टणक लागेल. म्हणजे एकच स्प्रिंग हलक्या व जड अशा दोन्ही भारांना सारखीच मानवत नाही. म्हणून पुष्कळ मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपवर खाचांचे एक कडे ठेवलेले असते. ते पान्याने फिरविले, की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि खचणारी मागची बाजू पुन्हा वर येते. उपाय चांगला आहे. पण ओझे चढविताना व उतरविताना माणसाने तो आठवणीने करावा लागतो, आणि माणूस विसरतो.

येथे हवा मदतीला येते. सायकलचा पंप घ्या, त्याचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दांडा दाबा. आरंभी दांडा सहज आत जाईल. पुढे पुढे मात्र तो अधिकाधिक विरोध करील, आणि हात सैल सोडताच मागे उसळेल. कोंडलेली हवा म्हणजे एक स्प्रिंगच होय. तापमान तेच ठेवून कोंडलेल्या हवेची जागा निम्मी केली, तर तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1662 साली मांडला. बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने 1888 साली आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला हवेने फुगविलेल्या रबरी धावा बसविल्या. तेव्हापासून हवेची ही उशी चाकाभोवती सर्वत्र पसरली.

तशीच उशी चाक व सांगाडा यांच्यामध्ये बसविली, तर स्प्रिंगेला जे साधत नाही ते साधते. पोलादाचा ताठपणा कारखान्यात एकदाच ठरतो. हवेचा ताठपणा आपल्या हाती राहतो. ओझे वाढले, तर उशीत आणखी हवा भरावी. दाब वाढतो, गाडी मूळ उंचीवर येते आणि उशीचा ताठपणाही वाढलेल्या ओझ्याला साजेसा होतो. ओझे उतरले, तर हवा सोडावी. उशी पुन्हा मऊ होते.

जपानच्या होंडा कंपनीने 1980 साली काढलेल्या गोल्ड विंग या लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलीत असे हवेचे आधार होते. अशा आधारांत भाराप्रमाणे हवा कमीअधिक करता येते. पण ती स्वाराने स्वतः भरावयाची म्हटले, की विसरण्याची भीती पुन्हा आलीच. यासाठी हे काम यंत्राकडेच सोपविण्याची युक्ती निघाली. चाकाच्या दांड्याला एक लहानसा खटका जोडतात. गाडी ओझ्याने खाली बसली, की खटका हलतो, झडप उघडते आणि पंपाची हवा उशीत शिरते. ठरलेली उंची येताच झडप आपोआप मिटते. ओझे उतरून गाडी फार वर आली, तर दुसरी वाट उघडून जादा हवा बाहेर जाते. काही वाहनांत खटक्याऐवजी उंची मोजणारे विजेचे उपकरण हेच काम करते.

मग प्रत्येक खड्ड्याबरोबर ही झडप उघडझाप करीत बसेल काय? नाही. ती मुद्दाम सावकाश चालणारी केलेली असते. खड्डा क्षणात सरतो, ओझे मात्र टिकून राहते. टिकणाऱ्या बदलालाच ती दाद देते. शिवाय हवा उसळणारी असल्यामुळे नुसत्या उशीवर गाडी चेंडूसारखी नाचत राहील. तिला आवर घालण्यासाठी शेजारी तेलाची नळी असते. बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते आणि त्यात उसळीचा जोर विरून जातो.

ओझे पाहून उंची सांभाळण्याची ही विद्या मोठ्या वाहनांतही आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने 1955 साली काढलेली डी. एस. ही मोटार कोंडलेला वायू व तेल यांच्या साहाय्याने आपली उंची कायम राखीत असे. लोणंदच्या रुळांवरही हे तत्त्व धावताना दिसते. पुणे व कोल्हापूर यांच्या दरम्यान सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी याच मार्गाने जाते. तिचे डबे हवेच्या उशांवर टेकलेले असतात. त्यामुळे डबा रिकामा असो की भरलेला, त्याची उंची जवळजवळ तीच राहते.

लोणंदच्या बाजाराला आलेल्या त्या शेतकऱ्याच्या साध्या मोटारसायकलीत मात्र अशी झडप नाही. तिच्या ठायी स्वतःच्या आठवणीनेच काम करावे लागते. पिशव्या बांधण्यापूर्वी त्याने कडे एक-दोन खाचा फिरवावे, चाकांतील हवा पाहावी आणि गाडीला झेपेल तेवढेच ओझे लादावे. एवढी काळजी घेतली, तर सालपे घाट चढताना त्याच्या दिव्याचा उजेड आभाळाकडे न जाता रस्त्यावर पडेल.