दगडातील सूक्ष्म जीवसृष्टी

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून कळसूबाईकडे पाहिले, म्हणजे तो डोंगर पायऱ्यांवर पायऱ्या रचल्यासारखा दिसतो. यांतील एकेक पायरी म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचा थर होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हा बाहेर पडला, दूरवर पसरला आणि निवाला. अशा थरांवर थर साचून हा १,६४६ मीटर उंचीचा पर्वत घडला. या उद्रेकांना आरंभ झाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर नावाचे प्रचंडकाय प्राणी वावरत होते. नगरच्या भुईकोट किल्ल्याचा चिरा किंवा स्वयंपाकघरातील काळा पाटा-वरवंटा हा त्याच प्राचीन खडकाचा तुकडा आहे.

तथापि या काळ्या दगडात कोणी जीवाश्म शोधू लागला, तर त्याच्या हाती बहुधा काही लागणार नाही. वितळलेल्या खडकात प्राण्याचे हाड वा झाडाचे पान टिकावे तरी कसे? गोदावरी-प्रवरेच्या जुन्या गाळात रानबैलांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत खरी, परंतु ती डायनोसॉरांच्या मानाने अगदी अलीकडची आहेत.

याच लाव्हाप्रदेशाच्या पूर्व सीमेवर, नागपूरच्या आसपास, स्थिती निराळी आहे. तेथे एक उद्रेक शमल्यावर दुसरा होईपर्यंत दीर्घ काळ लोटे. त्या अवधीत खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडे वाढत. गोगलगाई, बिया, कीटक तळाच्या चिखलात रुतून बसत. पुढे नवा लाव्हारस त्यावर झाकणासारखा पसरला आणि त्या चिखलाचा कालांतराने कठीण दगड झाला.

असे दगड जमविण्याचा छंद नागपूरला एका धर्मोपदेशकाला जडला. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी. भूगर्भशास्त्र हा काही त्यांचा व्यवसाय नव्हे. प्रवासात सवड मिळेल तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर खडक निरखीत. नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना शंख, बिया व कीटकांचे अवशेष मिळाले. १८५५ साली दोघांचा विस्तृत निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला.

त्यांच्या संग्रहातील काही जीव खसखशीच्या दाण्याएवढे होते. ऑस्ट्राकॉड या जलचराचे कवच दोन झाकणांचे असते आणि ते सामान्यतः मिलिमीटरभरच भरते. असे जीवाश्म मिळविण्यास हातोड्यापेक्षा चिकाटी अधिक लागते. मऊ मातकट दगड पाण्यात भिजवून विरघळवितात, तो गाळ बारीक चाळण्यांतून धुतात आणि उरलेले कण वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासतात. हवा तो कण ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलावा लागतो. तेलंगणातील नास्कल येथे अशाच धुतलेल्या गाळातून, डायनोसॉरांच्या काळात राहणाऱ्या चिचुंदरीएवढ्या सस्तन प्राण्याचे इवलेसे दात निघाले. जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी १९८८ साली त्याचे नाव ठेवले ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’.

संग्राहकाने प्रत्येक नमुन्यासोबत गाव, थर व तारीख लिहून ठेवावी लागते. ही चिठ्ठी हरवली, की अतिशय सुंदर नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने मुका होतो. टाकळी आता नागपूरच्या वस्तीत सामावली आहे. तेथील जुना थर पाहणे अवघड झाल्यामुळे पूर्वी नोंदवून ठेवलेल्या नमुन्यांचे मोल वाढले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील थर लाव्हारसाच्या खालचे. शेतांतून डायनोसॉरांची हाडे मिळतात, आणि त्यांबरोबर गोल-लांबट दगडी गोळेही सापडतात. ते म्हणजे प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा! हाडांपुढे या गोळ्यांना कोण विचारणार, असे वाटेल. पण शास्त्रज्ञांनी ते फोडून त्यांतील सूक्ष्म कण तपासले. काही वनस्पती जमिनीतील सिलिका शोषून पेशींत साठवितात. त्या कणांचा आकार वनस्पतीगणिक वेगळा असतो आणि पान कुजले तरी कण उरतो. गवताचे पाते बोटाला कापते, त्यासही ही सिलिका कारण असते. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे गवताचेच कण निघाले, आणि तेही निरनिराळ्या जातींचे. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत, डायनोसॉर नष्ट झाल्यावर बऱ्याच काळाने गवताचा प्रसार झाला, असा सर्वसाधारण समज होता. त्या काळचे काही प्राणी गवतही खात होते, याचा पुरावा अशा रीतीने नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी दिला.