टेलच्या घराचे इंटरनेट

अहिल्यानगर जिल्ह्यात ‘टेल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९२६मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांना पाणी दिले, पुढे मुळा आणि कुकडीचे कालवे आले, आणि प्रत्येक कालव्याबरोबर एक जुनी तक्रारही आली. कागदावर आवर्तन सर्वांना सारखेच असते; पण कालव्याच्या तोंडाशी ज्याचे रान त्याचा ऊस भिजतो आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी रात्रभर बॅटरी घेऊन पाण्याची वाट पाहतो. पाणी सोडले ही बातमी खरी असते, आणि टेलला ते पोहोचले नाही हेही खरे असते.

घरच्या इंटरनेटचे आज असेच झाले आहे. नगर शहरातल्या सावेडीच्या सदनिकेत आणि अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या घरात एकाच जाहिरातीतली ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ची जोडणी असू शकते. बिल सारखे येते, पण एका घरी चित्रपट न अडखळता चालतो आणि दुसऱ्या घरी पुण्यातल्या नातवाचा चेहरा बोलता बोलता पडद्यावर गोठतो. जाहिरातीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘१००’ नसून ‘पर्यंत’ आहे. ‘नेट स्लो आहे’ असे आपण सरसकट म्हणतो, पण ते एक दुखणे नाही. त्याची कारणे चार-पाच आहेत, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि नेमके कोणते कारण हे मोजून सांगता आल्याशिवाय दाद मागता येत नाही.

९.६ केबीपीएसपासून

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हाचा डायल-अप वेग होता ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या वेगाने यायला सुमारे ४२ मिनिटे लागली असती. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले आणि त्यांची ती किरकिर सायबर कॅफेत बसलेल्या एका पिढीच्या कानात राहिली.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २०१३मध्ये ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस. एक गिगाबाइटचा चित्रपट उतरवून घ्यायला २००४च्या व्याख्येप्रमाणे पावणेनऊ तास लागतील, २०२३च्या व्याख्येप्रमाणे सुमारे ६७ मिनिटे, आणि खऱ्याखुऱ्या १०० एमबीपीएसने ८० सेकंद. जाहिरात १००ची असली तरी सरकारी व्याख्येतला ‘ब्रॉडबँड’ २ला सुरू होतो. ग्राहकाची सगळी चिडचिड या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहते.

एक नव्हे, तीन आकडे

पहिला घोटाळा एककाचा. वेग ‘बिट’मध्ये विकला जातो, फाइल ‘बाइट’मध्ये मोजली जाते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर संगणक सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दाखवत असेल, तर कोणी फसवलेले नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. आपण पाहतो ते खाली येते, पाठवतो ते वर जाते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड मुद्दाम असमान बांधलेले होते. एडीएसएल२प्लस हे तंत्र एक्सचेंजच्या जवळ २४ एमबीपीएसपर्यंत खाली आणू शके, पण वर जेमतेम एक. शिवाय तार जितकी लांब तितका वेग कमी. चार-पाच किलोमीटरवरच्या वस्तीला थोडेच उरे. जो फक्त पाहतो त्याला हे जाणवत नसे. आता विद्यार्थी गृहपाठ पाठवतो, गोठ्यातला कॅमेरा चित्र पाठवतो, व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहराही वरच जातो. म्हणून ‘त्यांचे मला दिसते, माझे त्यांना दिसत नाही’ ही तक्रार आली की वर जाणारा वेग तपासावा.

तिसरा आकडा विलंबाचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नगर ते मुंबई अंतर अडीचशे किलोमीटर धरले, तर जाऊन येण्याला तत्त्वतः अडीच मिलिसेकंद पुरतात. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून मात्र उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. चित्रपटाला त्याने काही बिघडत नाही; संभाषणात मात्र दोघे एकदम बोलतात आणि दोघेही थांबतात. पाट रुंद असणे वेगळे आणि पाणी लवकर पोहोचणे वेगळे.

पाणी कुठे मुरते?

पहिली गळती घरातच असते. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतात; २.४च्या लहरी दूरवर जातात, पण त्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. नगरच्या जुन्या पेठांतल्या दगडी वाड्यात राउटर ओसरीवर आणि वापरणारा माजघरात असेल, तर दोष बाहेर शोधण्यात अर्थ नाही. उलट दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे वीस राउटर त्याच तीन वाहिन्यांवर गर्दी करतात.

दुसरी गळती वाटपातली. घराघरांत येणारी ऑप्टिकल फायबर स्वतंत्र नसते. प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळ्यांनी एकदम नळ सोडला तर ६४ घरांत प्रत्येकी जेमतेम ३९ एमबीपीएस येतात. त्यामागे केबलवाल्याने मोठ्या कंपनीकडून घेतलेली क्षमता असते, आणि ती त्याहून तोकडी असू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० हे वाटपाचे प्रमाण ठरवून दिले होते. १०० एमबीपीएसला पन्नासाने भागा, २ उरतात. सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत या भरवशावर हा हिशेब चालतो, आणि रात्री नऊला तो भरवसा मोडतो. दिवाळीत पाहुणे घरी आले की तो दुपारीच मोडतो.

तिसरी गळती गावाच्या वाटेवरची. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा; पश्चिमेला कळसूबाईची रांग, पूर्वेला शेवगाव-पाथर्डीचे विरळ वस्तीचे माळ. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झाली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेली. पंचायतीला १०० एमबीपीएस देणे हे तिचे उद्दिष्ट. पण पंचायतीच्या कार्यालयात फायबर पोहोचणे म्हणजे वस्तीवरच्या घरात पोहोचणे नव्हे. तालुक्याकडून गावाकडे जाणारी वाट पहिल्या टप्प्यात प्रामुख्याने एकेरी होती, कालव्यासारखी. रस्ता रुंद करताना किंवा नळाची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा दात लागला की पुढची गावे बंद. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात म्हणूनच वर्तुळाकार जोडणी आली: एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट राहावी. विजेचेही असेच. घरी इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या पेटीची बॅटरी उतरली की राउटरचा लाल दिवा लागतो.

चौथी गळती आपल्या हद्दीपलीकडची. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री एखादे संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हाही दोष बहुधा त्याच्या सर्व्हरवरच्या गर्दीचा असतो. अशा वेळी घरचा प्लॅन वाढवणे म्हणजे धरणात पाणी नसताना चारी रुंद करणे.

तपासायचे कसे?

संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि आठवडाभर सकाळी सहा व रात्री नऊ वाजता खाली येणारा वेग, वर जाणारा वेग आणि विलंब लिहून ठेवावा. केबलवर वेग चांगला आणि वाय-फायवर वाईट, तर दोष घरातला. सकाळी चांगला आणि रात्री वाईट, तर वाटपाचा. दोन्ही वेळा वाईट, तर जोडणीचा, किंवा महिन्याची डेटामर्यादा संपून वेग उतरवला गेला असण्याचा. एक सावधगिरी: वेग मोजणारी साधने बहुधा जवळचा सर्व्हर निवडतात, आणि तो कधीकधी सेवा देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. ते पाणी कालव्याच्या तोंडाशी मोजल्यासारखे होते; म्हणून दूरचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजावे.

तक्रार करताना तक्रार क्रमांक मागून घ्यावा. त्याने काम झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. मात्र दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे ‘फार स्लो आहे’ या वाक्याला वजन नसते, चौदा नोंदींच्या कागदाला असते.

टेलची मोजणी

एकट्या घराची नोंद मात्र टेलचे दुखणे पुरते दाखवू शकत नाही. इथे जिल्ह्याचाच अनुभव उपयोगी आहे. मुळा प्रकल्पाच्या मायनर ७वर १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्थेचा प्रयोग केला: पाणी मोजून घ्यायचे आणि आपसात वाटायचे. पुढे २००५मध्ये राज्याने कायदाच केला आणि घनमापनाने पाणी मागण्याचा हक्क अशा संस्थांना मिळाला. मोजणी आली तेव्हा ‘पाणी सोडले होते’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. किती पोहोचले ते सांगावे लागले.

एखाद्या वस्तीवरच्या वीस घरांनी आठवडाभर वेग लिहून ठेवला, तर सगळ्यांचा वेग एकाच वेळी कोसळतो की एकेकाचा, हे त्या वहीतच दिसेल. ग्रामसभेत ठेवायला आणि कंपनीला दाखवायला तेवढा कागद पुरतो. त्यात पोहोचलेला आकडा असेल, आणि मग ‘पर्यंत’ या शब्दाचा खुलासा कंपनीला करावा लागेल.