जमीन कुणाच्या नावावर?
लेखांक ७

आच्छादन, वाफे, पाणी जिरवणं याबद्दल आपण आतापर्यंत बोललो. पर्माकल्चरची मूळ सूत्रं तीन: धरतीची काळजी, माणसांची काळजी आणि जास्तीचं वाटून घेणं. यातलं मधलं सूत्र बहुतेक कार्यशाळांत दोन मिनिटांत उरकतात. आज त्याच्यापाशीच थांबू. पर्माकल्चर मांडणाऱ्या मॉलिसन आणि होमग्रेन यांचं पहिलं पुस्तक आलं १९७८ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी अमेरिकेतल्या मिसिसिपीत एका बाईंनी हे सूत्र जमिनीवर उतरवलं होतं.

फॅनी लू हेमर या कापसाच्या मळ्यावर वाट्याने राबणाऱ्या कृष्णवर्णीय घरातलं विसावं अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. १९६२ साली मतदारयादीत नाव घालायला गेल्या, तर मालकाने मळ्यावरून हाकलून दिलं. १८ वर्षांचं काम गेलं, राहतं घरही गेलं. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर परगण्याने गरिबांचं सरकारी धान्यवाटप बंद केलं. कृष्णवर्णीयांनी मताचा हक्क मागू नये, एवढ्यासाठी. पोट दुसऱ्याच्या हातात असेल तर कागदावरचा हक्क वापरता येत नाही, हे हेमरबाईंनी भोगून जाणलं होतं.

म्हणून १९६९ मध्ये सनफ्लॉवर परगण्यात ४० एकर घेऊन त्यांनी 'फ्रीडम फार्म' सुरू केलं. वर्गणी महिना एक डॉलर. तीसुद्धा बहुतेकांना झेपत नव्हती, तरी भाजीपाला त्यांनाही मिळे. गरीब गोऱ्यांनाही मिळे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली डुकरांची बँक. कुटुंबाला एक मादी मिळायची. ती व्याली की दोन पिल्लं बँकेला परत, आणि ती पिल्लं पुढच्या घरी जायची. आपल्याकडे शेळी अर्धेलीने पाळायला देतात तसंच हे, पण इथे वाटा मालकाकडे न जाता आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाच्या दारी जायचा. घेणारा काही महिन्यांत देणारा व्हायचा. माणसांची काळजी म्हणतात ती हीच, असं मी मानतो.

पुढे आणखी ६४० एकर घेतले, आणि हप्ते फेडायला नगदी पिकं आली. ज्या कापसातून सुटायचं होतं, तोच पुन्हा पेरावा लागला. पूर, दुष्काळ, आटलेल्या देणग्या आणि हेमरबाईंचं आजारपण या सगळ्यांत १९७६ च्या सुमारास शेत हातचं गेलं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.

महाराष्ट्रात १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तोही जमीन कुणाच्या नावावर याच प्रश्नावर. आज महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर बचतगटाच्या बायका परसबाग लावतात, कंपोस्ट करतात, माती सुधारतात. आणि माती सुधारली की महापालिकेला भूखंडाचा दुसरा उपयोग सुचतो. अशी बाग सुरू करून देणाऱ्या संस्थांनी रोपं वाटण्याआधी किमान दहा वर्षांचा लेखी करार मिळवावा, आणि तो संस्थेच्या नव्हे, राबणाऱ्या बायकांच्या गटाच्या नावे करावा.

त्या करारात पाणी, कुंपण आणि विक्रीचा हक्क कसा नोंदवायचा, ते पुढच्या आठवड्यात.